फोरहँड टॉपस्पिन लूप: पाय आधी, कंबर मग, हात सगळ्यात शेवटी

टेबल टेनिसमधला लूप म्हणजे बॉलला बॅटने वर-पुढे घासून टॉपस्पिन, म्हणजे पुढे गडगडणारी फिरकी, देणारा फटका. समोरून पुश आला (बॉलखालून कापून दिलेली उलटी फिरकी, म्हणजे बॅकस्पिन) आणि त्यावर लूप मारला की बॉल नेटमध्ये; ब्लॉकवर (नुसती बॅट लावून परत आलेल्या बॉलवर) मारला की टेबलाच्या पार पलीकडे. आणि असं झालं की खेळाडू बघतो कुठे, तर बॅटकडे. रबर एकदा टी-शर्टला पुसायचं, मान हलवायची आणि पुढचा बॉल आणखी जोर लावून मारायचा. हॉल कुठलाही असो, हे दृश्य ठरलेलं.

दोष बॅटचा क्वचितच असतो. बहुतेक लूप बॉलला बॅट लागण्याआधीच फसलेले असतात. गुडघे ताठ, कंबर जागच्या जागी, आणि एकटा हात सगळं काम करायला निघालेला. म्हणून इथे पायऱ्यांचा क्रम मोडू नका. तिसरी पायरी कच्ची ठेवून सातवीवर गेलात तर सातवीत दिसणारी चूक तिथे सुधारणार नाही, तिसरीवर परत यावंच लागेल.

ज्यांचा साधा फोरहँड काउंटर, म्हणजे समोरच्या फटक्याला दिलेला साधा परतीचा फटका, सलग वीसेक बॉल टेबलावर राहतो त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. राहत नसेल तर आधी तो पक्का करा. वर्णन उजव्या हाताने, शेकहँड ग्रिपने (हस्तांदोलन करतो तशा पकडीने) खेळणाऱ्यांचं आहे; डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात. पेनहोल्डवाल्यांना (पेन धरतो तशी बॅट धरणाऱ्यांना) पाय आणि कंबरेचं सगळं लागू, ग्रिप आणि मनगटाचं नाही.

## पायरी १: बॅट, बॉल आणि जागा

लूपला रबराची पकड लागते. क्लबहाउसच्या कपाटातल्या गुळगुळीत झालेल्या तयार बॅटवर लूप शिकायला घेतलात तर बॉल रबरावरून घसरत राहतो. मग तो कसाबसा टेबलावर जावा म्हणून हात नकळत सपाट मारायला शिकतो. ही सवय लागते पटकन आणि सुटते फार हळू.

तपासा: बॉल तीन बोटांत घट्ट धरा, रबरावर हलका टेकवा आणि ओढा. रबराने बॉलला धरलं पाहिजे, थोडं ताणलं गेलं पाहिजे. बॉल न अडता सरकला तर ते रबर संपलं. किती महिने झाले हे मोजत बसू नका, पकड बघा.

नवी बॅट घेताना कार्बनच्या ब्लेडचा, म्हणजे रबराखालच्या फळीचा, मोह आवरा. वेगवान ब्लेडवरून बॉल लवकर सुटतो, तो बाहेर जाऊ नये म्हणून शिकणारा हात आखडता घेतो, आणि पूर्ण स्ट्रोक कधी तयारच होत नाही. पाच थरांचं साधं लाकडी ब्लेड, ऑलराउंड किंवा ऑफ-मायनस (मध्यम वेगाच्या) वर्गातलं, आणि त्यावर १.८ ते २ मिलिमीटर स्पंजचं मऊ-मध्यम रबर पुरतं. यासाका मार्क व्ही किंवा बटरफ्लाय स्रायव्हर यांसारखी जुनी, साधी रबरं शिकण्यासाठी आजही चांगली आहेत. चीनचा ऑलिम्पिक विजेता मा लाँग वापरायचा ते हरिकेन ३ सारखं चिकट चिनी रबर आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने घेऊ नये. ते स्वतःहून बॉल फेकत नाही, सगळी ताकद तुमच्या पायांतून मागतं.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे आणखी एक अडचण असते. हवेतला दमटपणा रबरावर आणि बॉलवर बसतो, डोळ्यांना दिसत नाही, पण लूप घसरून नेटमध्ये जातो. त्यात बॉल हलू नये म्हणून पंखे बंद, म्हणजे घाम वेगळाच. कोरडा सुती रुमाल जवळ ठेवा आणि सरावात अधूनमधून रबर आणि बॉल दोन्ही पुसा. टी-शर्टला पुसू नका, तो आधीच घामाने भिजलेला असतो. मॅचमध्ये टॉवेलची मुभा दर ६ पॉइंटनंतर मिळते, ती वाया घालवू नका. जुलैमध्ये अचानक लूप बिघडला तर तंत्र बदलण्याआधी रबर पुसून बघा.

बॉल ४० प्लसचा (४० मिलिमीटरहून किंचित मोठा) प्लॅस्टिकचाच घ्या. टेबलावर भोवऱ्यासारखा फिरवून बघा, डुगडुगला तर बाजूला काढा. वाकड्या बॉलवर स्पिनचा अंदाज कधीच येत नाही.

जागेचं म्हणाल तर टेबलामागे निदान दोन-अडीच मीटर मोकळे हवेत. अनेक सोसायट्यांत टेबलामागे लगेच भिंत किंवा रचून ठेवलेल्या खुर्च्या असतात. तिथे कोपर आपटेल या भीतीने हात मागे जातच नाही. टेबल तिरकं सरकवा, कर्णाच्या दिशेने जागा मिळते.

## पायरी २: पकड आणि उभं राहणं

बॅट घट्ट आवळू नका. अंगठा पुढच्या रबराच्या खालच्या कडेला, तर्जनी मागच्या रबराच्या खालच्या कडेलगत आडवी, उरलेली तीन बोटं मुठीवर. सर्रास दिसणारी चूक म्हणजे तर्जनी मागच्या रबराच्या मध्यावर चढवणं. मागून आधार मिळाल्यासारखं वाटतं, पण मनगट अडकतं आणि बॅटचा कोन दर बॉलला बदलतो.

तपासा: हात सैल सोडा आणि कुणाला तरी बॅट ओढायला सांगा. थोड्या ओढीने ती हातातून निघाली पाहिजे. झटापट करावी लागली तर पकड घट्ट आहे.

पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद. उजवा पाय अर्ध्या पावलाने मागे. गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढे, वजन चवड्यांवर. टाचा जमिनीला नुसत्या टेकलेल्या. टेबलापासून अंतर एवढं की पुढे धरलेल्या बॅटचं टोक टेबलाच्या कडेला जेमतेम लागावं.

तपासा: जोडीदाराने समोरून खांद्याला हलका धक्का द्यावा. तुम्ही मागे पाऊल टाकलंत तर वजन टाचांवर आहे.

बुटांकडेही बघा. धावण्याचे जाड टाचेचे बूट वजन मागे किंवा पुढे ढकलतात आणि बाजूला सरकताना पाय मुरगळू शकतो. सपाट तळाचे, रबरी सोलचे इनडोअर बूट घाला. गुळगुळीत लादीवर सोल ओल्या फडक्यावर एकदा घासून घेतला तर पकड परत येते.

## पायरी ३: मागे जाणं

इथे रेंगाळा. सगळा लूप इथेच ठरतो.

मागे जायचं ते हाताने नाही, कंबरेने. कंबर उजवीकडे वळली की खांदा वळतो आणि खांद्यासोबत हात आपोआप मागे जातो. वजन उजव्या पायाच्या आतल्या कडेवर येतं, उजवा गुडघा आणखी थोडा वाकतो, आणि त्यामुळे उजवा खांदा खाली उतरतो. खांदा खाली आणायचा तो गुडघा वाकवून. कंबरेतून उजवीकडे कलून खांदा पाडला तर वजन पायावर न येता बाहेर सांडतं, आणि पुढे ढकलायला काहीच उरत नाही.

डावा हात विसरला जातो. तो मांडीजवळ लोंबकळत राहिला तर खांदा पूर्ण वळत नाही. तो पोटासमोर, अर्धा दुमडलेला ठेवा आणि शरीराबरोबर उजवीकडे येऊ द्या.

तपासा: मागे गेलेल्या स्थितीत थांबा. समोरच्याला तुमची छाती अर्धीच दिसली पाहिजे आणि उजव्या मांडीत ताण जाणवला पाहिजे. ताण खांद्यात जाणवत असेल तर तुम्ही हाताने मागे गेलात.

बॅट कुठवर न्यायची? पुशवर, म्हणजे बॅकस्पिनवर, उजव्या गुडघ्याच्या थोडं वर. ब्लॉकवर जवळपास टेबलाच्या उंचीला, म्हणजे ७६ सेंटिमीटरच्या आसपास. दोन्ही वेळा बॅट शरीराच्या बाजूलाच थांबली पाहिजे, पाठीमागे जाता कामा नये. पाठीमागे गेलेली बॅट वेळेत परत येत नाही. कोपर बरगड्यांना चिकटवू नका, दोन मुठींचं अंतर राहू द्या. कोपरातला कोन काटकोनापेक्षा मोठा, पण हात ताठ नाही.

मा लाँगचे स्लो-मोशन व्हिडिओ बघून बरीच मुलं हात सरळ करून मागे नेतात. त्याचा हात लांब जातो कारण त्याचे पाय त्याला दर वेळी बॉलपासून नेमक्या अंतरावर पोहोचवतात. पाय तसे चालत नसतील तर अंगाजवळ आलेल्या बॉलवर सरळ हात अडकतो. व्हिडिओ बघायचाच तर बॅट झाका आणि कमरेखालचं बघा.

वेळेचं गणित असं आहे: समोरच्याच्या बॅटवरून बॉल सुटून बाजू कळली की कंबर वळायला सुरुवात. बॉल आपल्या बाजूला टप्पा घेतो तेव्हा बॅट मागे तयार. टप्पा पडल्यावर वळायला लागलात की उशीर झालाच, आणि उशीर भरून काढायला हात धावतो.

## पायरी ४: बॉल लागतो तेव्हा

उजव्या पायाने जमीन ढकला. मग कंबर डावीकडे फिरते, मग खांदा, मग कोपर झटकन मिटतं. मनगट शेवटी, तेही स्वतःहून. ते मुद्दाम फिरवू नका. सगळ्यात जास्त वेग बॉल लागण्याच्या क्षणी हवा. सुरुवातीलाच पूर्ण जोर लावला तर बॉलपर्यंत पोहोचेस्तोवर हात मंदावलेला असतो. सुरुवात संथ करा.

बॉल शरीराच्या पुढे आणि उजवीकडे घ्या, उजव्या मांडीच्या थोडं पुढे. कमरेच्या बाजूला घेतलेला बॉल उचलता येतो, पण त्याला दिशा देता येत नाही.

ब्रश म्हणजे काय, यावर सगळे अडतात. काडेपेटीवर काडी ओढतो तसं हे आहे. नुसती टेकवून फिरवली तर पेटत नाही, फार दाबली तर मोडते. बॉल स्पंजमध्ये थोडा रुतला पाहिजे आणि त्याच वेळी बॅट त्याच्यावरून वर-पुढे सरकली पाहिजे.

तपासा: आवाज ऐका. लाकडाचा कोरडा ‘टॉक’ आला तर बॉल सपाट लागला. आवाजच आला नाही आणि बॉल जेमतेम नेटपाशी पडला तर फार पातळ लागला. स्पंजचा दबका, आखूड आवाज आला की बरोबर.

आता बॅकस्पिन आणि टॉपस्पिनमधला फरक. पुशचा बॉल तुमच्याकडे येताना ज्या दिशेने फिरतो, तुमच्या टॉपस्पिनमध्येही तो त्याच दिशेने फिरत परत जातो. म्हणजे आलेल्या फिरकीत तुम्ही फक्त भर घालता. ब्लॉकवर मात्र आलेली फिरकी थांबवून उलटी करावी लागते. म्हणूनच पुशवरच्या लूपमध्ये फिरकी जास्त निघते, आणि म्हणूनच लूप आधी पुशवर शिकावा असं माझं मत आहे. अनेक ठिकाणी उलट करतात, आधी ब्लॉकवर शिकवतात, कारण त्यात रॅली लवकर दिसायला लागते. त्यातून सपाट ड्राइव्ह तयार होतो, लूप नाही.

पुशवर: बॅट जवळजवळ उभी, वरची कड किंचित पुढे. स्ट्रोक वर जास्त, पुढे कमी. बॉलच्या पाठीवर घासा. बॉल उसळीच्या टोकावरून किंचित खाली यायला लागला की घ्या, पण टेबलाच्या उंचीच्या खाली जाऊ देऊ नका.

ब्लॉकवर: बॅट स्पष्टपणे झुकलेली. स्ट्रोक पुढे जास्त, वर कमी. बॉलच्या वरच्या अंगाला घासा, आणि बॉल टोकावर असतानाच.

नेट १५.२५ सेंटिमीटर उंच असतं. पुशवरचा पहिला लूप नेटवरून आणखी तेवढाच उंच गेला तरी घाबरू नका, फिरकी त्याला खाली ओढते. नेटला घासून जाणारा लूप सुंदर दिसतो, पण शिकताना तो अर्ध्या वेळा नेटमध्येच संपतो.

## पायरी ५: हात कुठे थांबतो

कपाळासमोर, डाव्या भुवईच्या आसपास. बॅट डाव्या खांद्यावरून मागे गेली तर बॉलला बाजूची फिरकी लागते आणि परत यायला वेळ जातो. वजन डाव्या पायावर आलेलं असतं, डोकं मात्र वर उचललं गेलेलं नसतं.

तपासा: शेवटच्या स्थितीत पुतळा व्हा. तोल न जाता उभे राहिलात आणि बॅट डोळ्यांसमोर दिसतेय, तर ठीक.

मग लगेच बॅट छातीसमोर, आणि छोटी उडी घेऊन दोन्ही पाय पुन्हा रुंद. लूप मारून त्याच्याकडे बघत उभं राहणं हा नवशिक्यांचा लाडका दोष आहे.

सावधान: खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपराच्या आत दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. जवळपास नेहमीच कारण हेच असतं की कंबर फिरत नाही आणि हात एकटा ओढतोय. पंधरा मिनिटं खांदे, कंबर, घोटे मोकळे केल्याशिवाय जोराने लूप मारायला सुरुवात करू नका.

## पायरी ६: बॉलशिवाय, मग एकट्याने

दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवा आणि नुसतं वळा-ढकला, वळा-ढकला. बॅट नाही, बॉल नाही. कंबर आणि पाय एकत्र चालले की मग बॅट घ्या आणि तीन ठोक्यांवर करा: वळ, ढकल, थांब. १५-१५ चे तीन सेट, आरशासमोर किंवा रात्री खिडकीच्या काचेसमोर. फोन कमरेच्या उंचीवर उजव्या बाजूला ठेवून स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. आपण गुडघे वाकवतो असं प्रत्येकाला वाटतं, व्हिडिओ खरं काय ते सांगतो.

नंतर बॉल. डाव्या हाताने खांद्याच्या उंचीवरून जमिनीवर सोडा, टप्पा घेऊन वर आलेला बॉल पुन्हा खाली यायला लागला की लूप मारून टेबलावर पाठवा. बॉलला काहीच फिरकी नसल्यामुळे जी दिसेल ती सगळी तुमची.

एक स्वस्त युक्ती आहे. मार्करने बॉलचा अर्धा भाग काळा करा आणि उडताना व्हिडिओ घ्या. अर्धं-अर्धं नीट पुढे गडगडताना दिसलं तर शुद्ध टॉपस्पिन. तिरकं डुगडुगताना दिसलं तर बॅट बाजूने ओढली जातेय. टेबल नसेल तर भिंत चालेल: टॉपस्पिनचा बॉल भिंतीवर आदळून वर उसळतो. नुसता परत आला तर स्पिन नाही.

## पायरी ७: एकाच जागी पुशवर

बादलीभर बॉल आणि बॅकस्पिन फीड करणारा, म्हणजे एकामागून एक बॉल देणारा, एक माणूस. फोरहँडच्या कोपऱ्यात, एकाच जागी, एकाच फिरकीचे २०-२५ बॉल. मग विश्रांती. फीड करणारा घाई करतो, आणि तिथेच सराव नासतो: पुढचा बॉल खेळाडू मूळ स्थितीत परत आल्यावरच यायला हवा. आई-बाबांनाही हे थोड्या सरावाने जमतं. बॉल हातातून सोडायचा आणि उघड्या बॅटने त्याच्या खालून कापायचं, एवढंच.

ताकद निम्मीच लावा. समोरच्या अर्ध्या टेबलाच्या, म्हणजे १.३७ मीटरच्या, शेवटच्या भागात वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि त्यावर पाडा.

थांबण्याची खूण: गुडघे सरळ व्हायला लागले की बादलीत बॉल उरले असले तरी थांबा. थकलेल्या पायांनी केलेला सराव म्हणजे चुकीचाच सराव.

जमायला लागलं की जोडीदाराबरोबर: तुम्ही बॅकस्पिन सर्व्हिस करा, त्याने फोरहँडला लांब पुश करावा, तुम्ही लूप मारा, त्याने बॉल हातात पकडावा. रॅली नको. रॅली सुरू झाली की दोघंही जिंकायला लागतात. दहापैकी सात-आठ टेबलावर पडू लागले की पुढे चला.

## पायरी ८: पुशनंतरचा ब्लॉक

शिकणाऱ्यांची गाडी इथेच अडते. पहिला लूप उत्तम पडतो, समोरचा नुसती बॅट लावतो, आणि दुसरा लूप टेबलाच्या दोन हात बाहेर. लोक म्हणतात ‘जोर जास्त लागला’. जोर नाही, स्ट्रोक तोच राहिला.

तुमच्या पहिल्या लूपची फिरकी ब्लॉकवरून टॉपस्पिन होऊन परत येते, वेगाने येते आणि लवकर येते. तिच्यावर पुन्हा गुडघ्यापासून वर उचललं तर बॉल उडणारच. दुसऱ्या बॉलला तीन गोष्टी बदलायच्या: बॅट टेबलाच्या उंचीपासून सुरू, कोन बंद, दिशा पुढे. आणि मागे जाणं निम्मं, कारण वेळच तेवढा आहे.

आधी नुसत्या ब्लॉकवर साठ टक्के जोराने सलग लूप मारून हा दुसरा स्ट्रोक वेगळा शिका. मग दोन्ही जोडा: पुश, ब्लॉक, तिसरा बॉल पकडायचा. मारताना मोठ्याने बोला, पहिल्याला ‘वर’, दुसऱ्याला ‘पुढे’. शेजारच्या टेबलावरचे हसतील, हसू द्या. तोंडाने बोललं की शरीराला बदल करायला आठवण राहते.

त्यानंतर जोडीदाराला न सांगता पुश किंवा ब्लॉक, काहीही द्यायला सांगा. आता तुम्हाला त्याच्या बॅटकडे बघावंच लागेल: खाली जाणारी बॅट म्हणजे पुश, पुढे येणारी किंवा स्थिर बॅट म्हणजे ब्लॉक.

### बॉल कुठे गेला त्यावरून चूक ओळखा

पुशवर नेटमध्ये जात असेल तर आधी गुडघे बघा, मग बॅट फार बंद आहे का ते. बहुतेक जण उलट करतात, बॅट उघडतात, आणि मग हलक्या पुशवर बॉल उडतो.

पुशवर लांब जात असेल तर समोरच्याने फिरकी कमी दिली असण्याची शक्यता जास्त. बॉलवरची छापील खूण बघा. ती स्पष्ट वाचता आली तर बॉल जवळपास मेलेला, म्हणजे बिनफिरकीचा आहे, तेवढा वर उचलू नका.

उजवीकडे बाहेर: बॉल उशिरा घेतला. डावीकडे बाहेर: फार लवकर, किंवा कंबर डावीकडे जास्त फिरली. बॅटच्या कडेला लागून उडत असेल तर पाय पोहोचले नाहीत आणि हात ताणून बॉल गाठला.

एका वेळी एकच दुरुस्ती. कोन, पाय, वेळ तिन्ही एकदम बदलायला गेलात तर कशाने सुधारलं ते कळणारच नाही.

## पायरी ९: हलत्या पायांनी

फोरहँडचा कोपरा आणि टेबलाचा मध्य, दोनच जागा, आलटून पालटून ब्लॉक. बाजूला सरकताना पाय एकमेकांवरून टाकू नका. छोट्या उड्यांनी सरका आणि पाय टेकल्यावरच मारा. हे पक्कं झालं की फाल्कनबर्ग ड्रिल: बॅकहँडच्या कोपऱ्यातून बॅकहँड, त्याच कोपऱ्यात वळून फोरहँड, मग रुंद फोरहँड. पायांचा वेग कमी पडत असेल तर फीडचा वेग कमी करा, स्ट्रोक आखडू नका.

पाय पोहोचले नाहीत तर लूप मारू नका. त्या बॉलला ब्लॉक किंवा साधा काउंटर द्या. हा निर्णय सरावातच शिकायचा.

## पायरी १०: मॅचमध्ये

लूप मिळेल अशी सर्व्हिस करा. बॅकहँडकडे किंवा मध्यावर आखूड बॅकस्पिन टाकली की बऱ्याचदा लांब पुश परत येतो, आणि तो कुठे येणार याचा निम्मा अंदाज तुम्हाला आधीच असतो. सर्व्हिसनंतर लगेच अर्धं पाऊल मागे. टेबलाला चिकटून उभे राहिलात तर लांब पुश पोटात येतो.

फक्त लांब बॉलवरच पूर्ण लूप. ज्या बॉलचा दुसरा टप्पा तुमच्या बाजूला टेबलावरच पडला असता, तो आखूड. त्यावर खालून बॅट आणायला गेलात तर टेबलाला आपटेल. बॅटची कडही जाते आणि पॉइंटही.

पहिला लूप जोराचा नको, फिरकीचा आणि खोल हवा. पॉइंट बहुतेक दुसऱ्या बॉलवर मिळतो.

आणि शेवटी लाँग पिंपल्स, म्हणजे बाहेरच्या बाजूला लांब, मऊ उंचवटे असलेली रबरं. आपल्याकडे क्लबमधल्या ज्येष्ठ मंडळींच्या बॅकहँडला ती हमखास असतात, मनिका बत्रासारखी अव्वल खेळाडूही वापरते. तुम्ही जोरदार फिरकीचा लूप लाँग पिंपल्सवर मारलात तर ब्लॉक बॅकस्पिन होऊन परत येतो, आणि फिरकी जितकी जास्त दिलीत तितका तो जड असतो. आठव्या पायरीत शिकलेला ‘पुढे’ इथे लावला की बॉल नेटमध्ये. तिथे दुसऱ्या बॉललाही ‘वर’ म्हणायचं, किंवा सरळ पुश करायचा. तुमच्या पुशवर लाँग पिंपल्समधून बॉल सहसा मेलेला किंवा हलका टॉपस्पिन घेऊन परत येतो. त्याला उचलायचं नाही, बॅट बंद ठेवून पुढे मारायचं. मॅचआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघण्याचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा, आणि कुठल्या रंगाच्या बाजूला पिंपल्स आहेत ते लक्षात ठेवा. बॅट हातात फिरवून खेळणारे असतील तर दर बॉलला रंग बघावा लागेल.